महापुरात बुडालेलं रंधा-करवत-भोक मशीन पुन्हा उभं करताना

हरिपूररोड

मंडळी, सासऱ्यांच्या कारखान्यातलं जुनं मल्टिपर्पज मशीन उघडून बसले आहे. या कामाबद्दल मराठीत सलग लिहिलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून हा धागा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीवाडी, हरिपूर, गावभाग, जिथे जिथे सुतारांची मशीनं तळमजल्यावर होती तिथे ती गाळात बसली. पाणी उतरलं तसे भंगाराचे टेम्पो गल्लोगल्ली फिरायला लागले आणि दोन-दोन पिढ्या चाललेली रंधा मशीनं किलोच्या भावाने गेली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे, त्यामुळे ते बघताना जीव तुटत होता. पाण्याने अशा मशीनचं काय बिघडतं? वरचा पृष्ठभाग गंजतो, मोटार जळते, बेअरिंगात गाळ जातो, पट्टा कुजतो. यातलं एकूण एक बदलता येतं. बदलता येत नाही तो बिडाचा सांगाडा, आणि नेमका तोच शाबूत राहिलेला असतो. तसा सांगाडा आज नव्याने ओतून घ्यायचा म्हटलं तर पॅटर्नपासून, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यापासून, सुरुवात करावी लागेल.

अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आमचं मशीन विकू दिलं नाही. गाळ धुऊन, जळकं ऑइल फासून, ताडपत्री टाकून ठेवलं होतं.

मशीन असं आहे: वर १२ इंची रंधा, त्याच्या खाली जाडी काढायचा बेड, रंध्याच्याच शाफ्टच्या एका टोकाला करवत आणि तिचं टेबल, दुसऱ्या टोकाला चक आणि त्याच्यासमोर दोन दांड्यांनी पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणारं भोक पाडायचं टेबल. चौकटी आणि दारं करणाऱ्याचं रंधणं, चिरणं, कुसू काढणं, भोक मारणं असं सगळं एकाच जागी. मेकरची पाटी गंजून सपाट झाली आहे. पुलीचा माथा मधे फुगीर आहे, म्हणजे मुळात चपट्या पट्ट्यावर, छताखालच्या शाफ्टवरून चालायचं. अण्णांच्या वडिलांच्या वेळी तो शाफ्ट ऑइल इंजिनवर फिरायचा, मोटार मागाहून आली.

आजची अवस्था: दोन्ही टेबलं तपकिरी, पुढच्या टेबलाचा उचलायचा स्क्रू जाम, मोटारीत सुकलेला गाळ. रंध्याची पाती ज्यात बसतात तो फिरता ब्लॉक गोल आहे, तीन पात्यांचा, ही मोठी जमेची बाजू. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना बॉल बेअरिंग नाहीत, व्हाईट मेटलच्या (मऊ मिश्रधातू ओतून केलेल्या) बुशा आहेत. करवतीकडची बुश मागून गंज फुगल्यामुळे सुटली आहे. शाफ्टवर जुनं ग्रीस राहिल्याने तो मात्र आरशासारखा निघाला.

बुशा पुन्हा ओताव्यात की बॉल बेअरिंग बसवावं? गंजाला काय करता? मोटार रिवाइंड करावी की नवी घ्यावी? अनुभव असलेल्यांनी लिहा.

टर्नर_माधवनगर

ताई, आधी ते मशीन वाचवल्याबद्दल अण्णांना नमस्कार सांगा.

माझं मत सरळ आहे, बॉल बेअरिंग करा. व्हाईट मेटलला रोज तेल लागतं आणि आजकाल रोज तेल घालणारा माणूस मिळत नाही. भुसा तेलात मिसळला की त्याची लापशी होते आणि बुश खाते. शाफ्ट किती इंची आहे ते मोजून सांगा. बेअरिंगचा आकार लक्षात ठेवायला सोपं आहे, शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा, आतलं भोक मिळतं. ६२०६ म्हणजे ३० मिलिमीटर भोक, बाहेरून ६२, रुंदी १६. ६२०४ म्हणजे २०. हा हिशेब ०४ पासून वर चालतो, ६२०३ चं भोक १७ असतं. रंध्यासाठी सी-थ्री क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट असलेलं घ्या, गरम झाल्यावर आवळत नाही. आणि बिल घेऊन, अधिकृत डीलरकडूनच. बाजारात डुप्लिकेट बेअरिंगं हुबेहूब पॅकिंगमध्ये येतात.

बसवताना पाईप आतल्या रिंगवर टेकवून ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की धक्का गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग गरम तेलात बुडवायचं नाही, आतलं ग्रीस जातं.

अजिंक्यतारा

वाखू (वाचनखूण) साठवली. फोटो टाका.

वखारीतला_गडी

सूनबाई, मी कराडचा. हयात वखारीत आणि रंध्यावर गेली. टर्नरदादांचं म्हणणं खोटं नाही, पण एक बघून घ्या मगच ठरवा. बुशा ज्या कप्प्यात बसतात तो कप्पा वेगळा बोल्टाने बसवलेला आहे का बॉडीतच ओतलेला आहे? वेगळा असला तर खुशाल काढा, तेवढ्याच उंचीचे बेअरिंग ब्लॉक बसवा. बॉडीतच ओतलेला असला तर बॉल बेअरिंगच्या बाहेरच्या मापाला तो बोअर करावा लागणार, म्हणजे बीड पातळ करायचं. तिथंच सगळा धक्का येतो. बारीक तडा गेला तर मशीन खरंच भंगारात जाईल.

बॉडीतच असला तर बुशा ओता. नीट ओतलेली व्हाईट मेटलची बुश माणसाच्या हयातीला पुरते, एवढं मी डोळ्यानं बघितलंय. मटेरियल कथिलाचं घ्या, शिशाचं स्वस्त मिळतं ते नको. चांगल्या ग्रेडात ८९ टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी, साडेतीन टक्के तांबं असतं.

आता नीट वाचा, कारण यात हात भाजतात. तुमचं मशीन पुरात राहिलंय. बीड वरून कोरडं दिसलं तरी आतल्या खाचांत, जुन्या धातूच्या मागं, गंजाच्या पापुद्र्यात ओल असते. त्या ओलीवर वितळलेला धातू पडला की पाण्याची वाफ एका झटक्यात होते आणि धातू तोंडावर उडतो. म्हणून जुना धातू काढल्यावर कप्पा वायर ब्रशनं घासून आधी सावकाश तापवायचा, चहूबाजूनं सारखा. एकाच ठिकाणी ज्योत धरलीत तर बीड तडकतं. हात लावता येणार नाही इतका गरम करायचा आणि तसाच बराच वेळ ठेवायचा.

शाफ्टला रॉकेलच्या चिमणीची काजळी धरायची, म्हणजे धातू चिकटत नाही. टोकांना बांध घालायला पूर्वी ॲस्बेस्टॉसची दोरी वापरायचे, ती आता हातात सुद्धा घेऊ नका. उष्णता सोसणारी पुट्टी मिळते. धातूचा ताप बघायला पाईनच्या लाकडाची कोरडी काडी बुडवायची. काळवंडली पण पेटली नाही, तर बरोबर. पेटली तर जास्त झालं. आणि एका दमात ओतायचं. मधे थांबलात की थर सुटतो.

आधी खालची अर्धी बुश, मग कुठं टेकतं ते कळायला शाफ्टला निळा रंग लावून स्क्रेपरनं टेकण जुळवायची, मग वरची. दोन्हीच्या मधे पातळ शीम (पत्र्याच्या पट्ट्या) ठेवा, पुढं बुश झिजली की एक शीम काढायची आणि पुन्हा आवळायची. झिजेवर असा इलाज बॉल बेअरिंगात नाही.

हरिपूररोड

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, फार उपयोग झाला. कप्पा बॉडीतच ओतलेला आहे आणि त्याची भिंत मी कॅलिपरने मोजली. दीड इंची शाफ्ट आहे, तिथे बॉल बेअरिंगची बाहेरची रिंग बसवायची तर भिंत फारच पातळ उरते. तेव्हा बुशाच ओतायच्या हे ठरलं. माधवनगरच्या दादांनी रागावू नये, शाफ्टची गोलाई तपासायला मी त्यांच्यासारख्याच टर्नरकडे जाणार आहे.

टर्नर_माधवनगर

राग कसला ताई. कप्पा बॉडीतच असेल तर काकांचंच बरोबर. फक्त फट सांभाळा. दर इंची शाफ्टला साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे तुमच्या दीड इंचीला दीड ते दोन थाऊ. त्याहून आवळ ठेवली तर पहिल्याच तासात धातू शाफ्टला पकडेल. सैल ठेवली तर पाती नाचतील आणि लाकडावर लाटा उठतील.

गुऱ्हाळघर

गंजाबद्दल. आमच्या शिराळ्याकडे ट्रॅक्टर आणि मळणीचं जुनं सामान स्वच्छ करायला मळीचं पाणी वापरतात. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात सामान आठवडा ते तीन आठवडे बुडवून ठेवायचं. गंज सुटा होऊन निघून जातो आणि खालचं लोखंड तसंच राहतं. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, ती कारखान्यावरून उठून आणता येत नाही. मी गुऱ्हाळावरची आंबलेली काकवी वापरली, वेळ जास्त लागला पण ब्रॅकेट स्वच्छ निघाले. पिंप घरापासून लांब ठेवा, वास सहन होत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग चुकूनही टाकू नका, ते खाऊन टाकतं. मशीन मारलेलं बीडही त्यात जास्त दिवस ठेवू नये, वरचा थर काळा आणि मऊ पडतो.

हरिपूररोड

काकवीचं ऐकून अण्णा खूश झाले. दांड्या, हँडव्हीलं, लोखंडी ब्रॅकेट त्यात टाकते.

टेबलांना मात्र मी हातानेच घासलं. रॉकेल आणि पॉलिश पेपर, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, आधी १२० नंबर मग २२०. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून टेबल घासणारे व्हिडिओ बघून मला धडकी भरते. डिस्क जिथे क्षणभर रेंगाळते तिथे खळगा पडतो, आणि रंध्याच्या टेबलात खळगा म्हणजे प्रत्येक फळीत खळगा.

लहान, किचकट भागांसाठी विजेने गंज काढायची पद्धतही वापरली. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. आणि पाती, स्प्रिंगा असले कडक केलेले भाग त्यात घालू नयेत, हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

जाम झालेल्या स्क्रूला डिझेल पाजत राहिले आणि रोज थोडा सैल-घट्ट केला. सुटला.

जुन्या रंगाबद्दल एक सांगते. जुन्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा आणि खरवड गोळा करून टाकायची. खाली रेड ऑक्साइड, वर करडा इनॅमल.

कोयनानगर

मोटारीचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

पुरात राहिलेली मोटार कुणी "वाळवून बघू" म्हणून लाईन देऊ नका. आधी उघडा, गोड्या पाण्याने गाळ धुवा, मग वाइंडिंग शंभर वॅटच्या बल्बांच्या उबेत कित्येक दिवस वाळवा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर रिवाइंड. तुमच्या मोटारीत गाळ सुकला आहे म्हणता, तिथे मी मोजायच्याही भानगडीत पडणार नाही, सरळ तांब्याच्या तारेत रिवाइंड करून घ्या आणि दोन्ही बेअरिंगं बदला. थ्री फेज मोटारीचं बीड आणि रोटर चांगले असतील तर रिवाइंड केलेली मोटार नव्याइतकीच चालते.

थ्री फेज नाही अशांसाठी: सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह मिळतो, पण तो बहुधा २३० व्होल्टचेच तीन फेज देतो. आपल्याकडच्या लहान मोटारी साधारण ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेल्या असतात. सहाही टोकं पेटीत बाहेर असतील तर त्या डेल्टामध्ये (वाइंडिंग एकापुढे एक, त्रिकोणात) जोडून २३० वर चालवता येतात. तीनच टोकं असतील तर वाइंडरकडून सहा बाहेर काढून घ्या. घराचं वायरिंग तेवढा करंट सोसेल का ते आधी तपासा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मशीनला साधा मेन स्विच लावून चालवू नका. लाईट गेली, माणूस ब्लॉकवर अडकलेला तुकडा काढायला हात घालतो, आणि लाईट येते. आपल्या भागात लाईट किती वेळा जाते-येते ते मी सांगायला नको. डीओएल स्टार्टरमध्ये (मोटार थेट लाईनवर सुरू करणाऱ्या बटणाच्या स्टार्टरमध्ये) नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. सोबत ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला सेट करा आणि अर्थिंग नीट घ्या. ओल्या जागेत कारखाना असेल तर अर्थ गळतीला तुटणारा ब्रेकरही हवा.

सातारा_ते_ओहायो

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत. इथे जुन्या शॉपस्मिथ (अनेक कामं करणारं अमेरिकन सुतारी मशीन) मशीनांच्या पुनर्बांधणीचा मोठा छंद आहे आणि माझ्याकडेही एक आहे.

हान्स गोल्डश्मिट नावाच्या जर्मनीतून आलेल्या गृहस्थांनी ही रचना केली आणि १९४७ च्या सुमारास पहिली मशीनं बाजारात आली, १०ईआर हे त्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी. दुसरं महायुद्ध संपलं होतं, घरोघरी गॅरेजमध्ये छोटा कारखाना थाटायची हौस होती आणि जागा कमी. दोन समांतर नळ्या, त्यांवर सरकणारं एकच डोकं. आडवं ठेवलं की करवत, लेथ, घासायची तबकडी, आडवं ड्रिल. नळ्या उभ्या केल्या की उभं ड्रिल. पुढे १९५० च्या दशकात मार्क फाइव्ह आलं. तुमच्या मशीनशी एक मोठा फरक आहे. शॉपस्मिथमध्ये एका वेळी एकच काम जोडायचं असतं. तुमच्याकडे रंधा, करवत, भोक एकाच शाफ्टवर सतत फिरत असतात.

मार्क फाइव्हमध्ये वेग बदलायला सरकणाऱ्या पुलींची जोडी असते. तिचा नियम असा की मशीन बंद असताना वेगाचा डायल फिरवायचा नाही. इथे जुनी मशीनं विकत घेताना पहिली दुरुस्ती बऱ्याचदा तिथलीच निघते.

आता माझा प्रश्न. निवृत्तीनंतर साताऱ्याला परत यायचं आहे आणि माझं १०ईआर सोबत आणायचं आहे. इथली वीज ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का?

कोयनानगर

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झची मोटार ११५ व्होल्टवरच पण ५० हर्ट्झला चालवली तर तिच्या लोखंडातला चुंबकी प्रवाह वीस टक्के वाढतो. लोखंड संपृक्त होतं, करंट चढतो, मोटार तापते. शिवाय मिनिटाला १७२५ चा फेरा १४४० च्या आसपास येतो. थोडा वेळ चालेल, पण टिकणार नाही.

तुमच्या १०ईआरची मोटार बाहेर, वेगळी बसवलेली आहे ना? मग ती तिथेच ठेवून या. इथे १४४० ची भारतीय मोटार बसवा आणि मोटारीवरची पुली वीस टक्के मोठी घ्या, वेग मूळचा मिळेल. मार्क फाइव्हची मोटार डोक्याच्या आतच असते, तिथे काम किचकट होतं. करवतीची पाती तिकडूनच घेऊन या, त्यांच्या भोकाचं माप वेगळं असतं. आपल्याकडे बहुतेक २५.४ किंवा ३० मिलिमीटरची मिळतात.

सातारा_ते_ओहायो

अगदी हेच हवं होतं. मनापासून आभार. मोटार इथेच देऊन टाकतो.

हरिपूररोड

मंडळी, मशीन फिरलं!

बुशा ओतायला काकांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाळली. कप्पा तापवताना जुन्या धातूच्या मागच्या खाचेतून खरोखर वाफ निघाली, इतकी वर्षं कोरड्यात राहूनसुद्धा. ते बघितल्यावर त्या एका सूचनेचं मोल कळलं. शाफ्ट जागेवर धरायला मी लाकडी ठोकळे थेट मागच्या टेबलावरून घेतले, म्हणजे जिथून रंधलेलं लाकूड बाहेर येतं त्या टेबलावरून. त्यामुळे बुश थंड झाली तेव्हा शाफ्ट टेबलाला समांतरच होता, फीलर गेज दोन्ही टोकांना सारखा गेला. तेलाच्या कपात लोकरीची वात ठेवली आहे, ती भुसा गाळते आणि तेल थेंबाथेंबाने सोडते.

पात्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा. ब्लॉक मिनिटाला चार हजारांवर फिरतो, तिथे एका पात्याचं वजन थोडं जरी जास्त असलं तरी सगळं मशीन थरथरतं आणि नव्या बुशा खाऊन टाकतं. पातं, त्याची पाचर आणि बोल्ट असे तीन संच कापडात वेगवेगळे बांधून सराफ कट्ट्यावर ओळखीच्या पेढीत नेले. सोन्याच्या काट्यावर ठेवल्यावर एक संच बाकी दोघांपेक्षा अडीच ग्रॅम भारी भरला. कारण पातं नव्हतंच, पाचर होती. पूर्वी कधी तरी बदललेली. तिच्या मागच्या बाजूचं थोडं लोखंड कानशीने काढलं आणि तिन्ही संच अर्ध्या ग्रॅमच्या आत आणले. पेढीतल्या काकांनीही आवडीने मोजून दिलं.

पाती बसवायची रीत: मागच्या टेबलावर एक सरळ, रंधलेली पट्टी ठेवायची, तिचं टोक ब्लॉकवर येऊ द्यायचं आणि पट्टीवर टेबलाच्या कडेपाशी पेन्सिलची रेघ मारायची. ब्लॉक हाताने हळू फिरवला की पातं पट्टीला चाटून थोडं पुढे ओढतं. ती रेघ तीन मिलिमीटर सरकली पाहिजे. तिन्ही पाती, प्रत्येकाची दोन्ही टोकं, सगळीकडे तेवढंच सरकणं. एक पातं जास्त वर असेल तर तेच एकटं कापतं आणि बाकीची दोन नुसती फिरतात. मोटारीचा मेन काढून, फ्यूज खिशात ठेवूनच हे काम करायचं.

वेगाचा हिशेब: मोटार १४४०, तिच्यावर ९ इंची पुली, ब्लॉकवर ३ इंची, म्हणजे ४३२०. ए सेक्शनचे (व्ही आकाराच्या पट्ट्यांचं एक माप) दोन पट्टे. ए सेक्शनला तीन इंचांच्या खालची पुली देऊ नये, पट्टा तीव्र वळणाने तापतो आणि फुटतो. तीन पाती म्हणजे मिनिटाला सुमारे तेरा हजार काप. मिनिटाला सहा मीटर लाकूड सरकवलं तर एक काप अर्ध्या मिलिमीटरहून कमी येतो, आणि सागावर हात फिरवला तर लाटा जाणवत नाहीत. याच वेगाने १० इंची करवतीची कड सेकंदाला ५७ मीटर जाते, तेही बरोबर. पातं घेताना त्यावर छापलेला कमाल फेरा वाचून घ्या.

पहिल्यांदा पात्यांशिवाय चालवलं, बाजूला उभं राहून. बुशांवर तळहात ठेवून बघत होते, कोमट झाल्या, चटका नाही. मग पाती लावून. अण्णांनी स्वतः बाभळीची एक फळी घातली. बाभूळ इतकी चिवट, तरी गुळगुळीत निघाली. त्यांनी फळीच्या कडेवर गुण्या लावून उजेडाकडे धरला, आणि मला म्हणाले, "सूनबाई, आता गार्ड बनवा. त्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही."

वखारीतला_गडी

शाबास! पाचरीचं वजन करणारे फार थोडे. बरेच जण नुसती पाती तोलतात.

अण्णांचं ऐका. आमच्या धंद्यात जुना माणूस ओळखायचा तर त्याची बोटं मोजतात, हे काही अभिमानानं सांगायचं नव्हे.

वाईचा_घाट

आमच्याकडेही असंच मशीन आहे, पण ब्लॉक चौकोनी आहे. चार बाजूंपैकी दोन बाजूंना पाती बोल्टने बसवलेली. तेही असंच ठीकठाक करून वापरू का?

हरिपूररोड

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्यामधली फट फिरताना मोठी होते. बोट घसरलं तर गोल ब्लॉकवर टोक कापलं जातं, चौकोनीवर हात आत ओढला जातो. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनीच हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉक सक्तीचा केला. शंभर वर्षांपूर्वी जे धोक्याचं ठरलं ते आपण आज वापरात आणू नये. बॉडी चांगली असेल तर तेवढ्याच लांबीचा गोल ब्लॉक चांगल्या स्टीलमधून करवून, बॅलन्स करवून बसवा. तो खर्च सगळ्यात आधी करा, रंग नंतर.

माझ्या मशीनला गार्ड असे केले. रंध्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा पूल, लाकडाच्या जाडीइतका वर उचलता येतो, बाकी ब्लॉक झाकलेलाच राहतो. करवतीच्या मागे पात्यापेक्षा किंचित जाड, तिच्या कापाहून पातळ अशी पोलादी पट्टी, म्हणजे चिरलेलं लाकूड मिटून पात्याला पकडत नाही आणि अंगावर फेकलं जात नाही. पट्टे आणि पुली यांना पत्र्याचं पूर्ण झाकण. एक गोष्ट या मशीनांत कुणी लक्षात घेत नाही: तुम्ही करवतीवर चिरत असता तेव्हा रंध्याची पाती उघडी फिरत असतात, कारण शाफ्ट एकच. म्हणून चिरताना रंध्यावर लाकडी झाकण ठेवायचं आणि रंधताना करवतीचं पातं काढून ठेवायचं. भोक मारून झालं की बिट काढून ठेवायची. हातमोजे घालायचे नाहीत. माझ्यासारख्या बायकांनी ओढणी-पदर बाजूला ठेवून, केस बांधून, वर अ‍ॅप्रन.

भुशाचंही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोग होतो अशा खात्रीच्या यादीत ठेवली आहे. नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या.

मिरज_तंबोरा

ताई, अभिनंदन. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची आणि सतारीची कामं अजून हातानेच होतात, पण दांडीचं तुणीचं लाकूड आधी सरळ करून घ्यायला आम्हाला रंधा मशीन लागतं. एक विचारायचं होतं. तबलीसाठी (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणासाठी) पातळ फळी लागते, ती खालच्या बेडवरून काढता येईल का? एका ठिकाणी काढून घेतली तर फळी आतच फुटली.

हरिपूररोड

एकटी पातळ फळी खालून घालू नका. ती रोलरांच्या मधे उचलली जाते, पाती तिला खालून-वरून हलवतात आणि ती तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येते. जाड, सपाट प्लायची एक फळी खाली घ्या, पातळ फळी तिच्यावर दुहेरी टेपने चिकटवा आणि दोन्ही मिळून घाला. प्रत्येक फेरीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त काढू नका. रेषेची दिशा बघा, पाती रेषा उचलणार नाहीत अशा बाजूने. फळी लांबीला रोलरांमधल्या अंतरापेक्षा चांगली जास्त हवी, नाहीतर मधेच अधांतरी राहते. शेवटची दोन मिलिमीटर जाडी ठेवून द्या, ती तुमच्या हातरंध्याने आणि कानाने काढायची आहे, ते काम मशीनचं नाही.

तूण घेऊन या. अण्णांना मिरजेच्या लोकांचं काम बघायची फार इच्छा आहे. रविवारी कारखाना उघडा असतो.

मिरज_तंबोरा

या रविवारी वडिलांना घेऊनच येतो.

टर्नर_माधवनगर

मीही येतो, बुश बघायला. ताई, तेलाचा कप मात्र रोज सकाळी भरा.